काळा समास

रुपाला कुणी विचारलं की बाई, दवाखान्यात तुझं काम काय, तर ती म्हणायची, "कागद मशीनीत टाकाचे अन् कम्प्युटरातून काढाचे." ऐकणारा म्हणायचा, हात्तिच्या, एवढंच! अहो, एवढंच म्हणणाऱ्यांनी एक दिवस त्या तळघरात बसून दाखवावं. वर्ध्यातला एका ट्रस्टचा जुना दवाखाना, नाव कशाला हवं, त्याच्या तळघरात वर्षानुवर्षांचे केसपेपर कपाटांत आणि पोत्यांत कोंबलेले. कुठे टाचणी गंजून कागदात रुतलेली, कुठे उंदरांनी जेवण उरकलेलं. तो कागद बाहेर काढायचा, झटकायचा, टाचणी उपसायची, जाड फाइलीची शिवण कापून पानं सुटी करायची, दुमडलेले कोपरे सरळ करायचे आणि मग कुठे मशीनच्या तोंडात द्यायचे. मशीन फटाफट गिळतं. मग पेशंटचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, साल, सगळं टाइप करायचं. या शेवटच्या कामात डुलकी लागली की संपलं. कागद कम्प्युटरात असूनही हरवतो. वाळवीने खाल्लेला कागद परवडला, निदान तो गेला हे तरी सगळ्यांना ठाऊक असतं.

रुपा कारंजा तालुक्यातली, जंगलाच्या काठच्या एका गोंड वस्तीतली. बाप मंगरू जंगलखात्याच्या कटाईवर जायचा, आई रुखमा तेंदूपत्ता तोडायची. घरात गोंडी, शाळेत मराठी, आणि बारावीनंतर कम्प्युटरचा कोर्स केला तिथे मोडकीतोडकी इंग्रजी. लग्न होऊन सिंदी मेघ्याला आली. नवरा कार्तिक मालाची ऑटो चालवतो. स्कॅनिंगचं कंत्राट सुटलं तेव्हा हिने अर्ज केला आणि पहिल्याच महिन्यात हिचा हात असा बसला, की सुपरवायझर पियुष नवीन मुलींना सांगायचा, "रुपाताईकडे बघा आणि शिका." पियुष वयाने तिच्याहून लहान, पण ऐट अशी की तळघर जणू त्याच्या आजोबांनी खोदलंय. त्याच्या तोंडी दोनच शब्द. एक टार्गेट आणि दुसरा पास.

तर मे महिन्यातली गोष्ट. वर्ध्याचा मे महिना ज्याने सोसलाय त्याला उन्हाबद्दल मी काही सांगत नाही. त्या दिवशी सकाळी तळघर मोकळं मोकळं वाटत होतं, कारण ज्या कागदांचं स्कॅनिंग होऊन समितीच्या सह्या झाल्या होत्या, ती सगळी पोती ट्रकमध्ये चढली होती. पेपर मिलला जायची, लगदा व्हायची. रुपाने स्वतः उभं राहून पोती मोजून दिली होती, आणि आता ती पंख्याखाली बसून डबा उघडायच्या बेतात होती. तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली.

भुलीच्या डॉक्टर अंकिता मॅडम स्वतः खाली आल्या होत्या. डॉक्टर लोक तळघरात कधी उतरत नाहीत, शिपायाला चिठ्ठी देऊन पाठवतात. मॅडमच्या मागे एक तरणा माणूस, घामाने निथळलेला, आणि त्याच्यामागे नऊवारीतली एक म्हातारी, कठड्याला धरून उतरत होती.

"जुना केसपेपर हवाय. आत्ता," मॅडम म्हणाल्या. "पेशंट वर टेबलाशी आहे. आतड्याला पीळ पडलाय, पोट फुगलंय. उघडल्याशिवाय गत्यंतर नाही."

पेशंट म्हणजे वडनेरची जागृती. तो तरणा तिचा नवरा सूरज, म्हातारी तिची सासू अनुसयाबाई. मॅडमनी भूल द्यायची तयारी केली, आणि ऐन वेळी म्हातारीने त्यांचा हात धरला होता.

"लहानपणी चिंचेवरून पडली होती ते," अनुसयाबाई धापा टाकत रुपाला सांगू लागल्या. "हात मोडला. याच दवाखान्यात आपरेशन झालं. भूल देल्ली अन् श्वासच परतला नाई पोरीचा. रातभर फुगा दाबून दाबून जित्ती ठेवली म्हने. तिचा बाप सांगे. आता बापबी नाई अन् मायबी नाई. कोनाले इचारू मी?"

"पेशंटला काही सांगता येत नाही. तापात बडबडतेय," मॅडम म्हणाल्या. "त्या वेळी कोणतं औषध बाधलं, ते कागदावरच असणार."

"माहेरचं नाव सांगा मावशी. अन् बापाचं."

"जागृती वासुदेवराव भोयर. पुलगावचे. बाप मिलमधे होता."

रुपाची बोटं चालली. जागृती, वासुदेवराव, पुलगाव. नुसतं डोळ्याचं पातं लवलं असेल, पडद्यावर फाइल हजर! जुना पिवळट कागद, वर दवाखान्याचा शिक्का, खाली पोरीचं नाव. सूरजने तिथल्या तिथे हात जोडले. अनुसयाबाईंनी पदराने डोळे टिपले. आणि रुपाला, खोटं कशाला सांगू, मोठा अभिमान वाटला. या पोरीचा कागद तिने पोत्यातून काढला होता, तिने सरळ केला होता, तिने नाव टाकलं होतं. त्याचं आज चीज झालं.

"पुढचं पान," मॅडम म्हणाल्या. "अजून पुढे. हां, थांब. भुलीचा तक्ता."

तक्ता होता. त्यात तीन औषधांची नावं होती, स्वच्छ वाचता येत होती. त्याखाली त्या वेळच्या डॉक्टरने इंग्रजीत एक ओळ लिहिली होती, की भूल देताना गंभीर त्रास झाला, बाजूची सूचना पाहा.

आणि बाजूला काळं होतं. पानाच्या डाव्या अंगाला, वरपासून खालपर्यंत, दोन बोटं रुंद काळी पट्टी.

"हे काय आहे?" मॅडमनी पडद्याला नाक लावलं. "मोठं कर. अजून मोठं कर." रुपाने मोठं केलं. काळ्याच्या काठावर अक्षरांची शेपटं तेवढी बाहेर डोकावत होती. त्या डॉक्टरने कागद आडवा धरून समासात लिहिलं होतं. सगळं पट्टीखाली गेलेलं.

"याच्याखालीच आहे सगळं," मॅडम म्हणाल्या. "तिन्हींपैकी कोणतं तिला बाधलं, ते इथे लिहिलंय. मूळ कागद कुठाय?"

रुपाने रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं. "मॅडम, ते पोते... सकाळीच गेले. लगद्याले."

पंखा तेवढा कुरकुरत होता. मग मॅडम सावकाश, शब्द मोजून बोलल्या. "ऐक. तिन्ही औषधं टाळून मी या पेशंटला भूल देऊ शकत नाही, पोट भरलेलं आहे तिचं. आणि चुकून तेच दिलं, तर श्वास जाईल. त्या वेळी ती लहान होती, अंगात ताकद होती. आज नाही. मी तासभर थांबते. त्यानंतर आतडं काळं पडायला लागेल, मग मला जे सुचेल त्याने भूल द्यावी लागेल."

आणि आपला फोन नंबर टेबलावर खरडून त्या जिना चढून गेल्यासुद्धा.

आता ती पट्टी कशाची, हे त्या खोलीत फक्त रुपाला ठाऊक होतं. पडद्यावर ती दिसली त्याच क्षणी तिने ओळखली होती.

त्याचं असं झालं होतं. मागच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तळघरात मशीनची पूजा झाली. सगळ्यात जास्त हौस रुपाला. तिचा बाप मंगरू दरसाल कुऱ्हाड धुऊन, पुसून, पाटावर ठेवायचा, तिला कुंकवाची बोटं ओढायचा आणि म्हणायचा, "ज्याच्यानं पोट भरते त्याले सालातून एक दिवस तरी हात जोडा रे." मग बापाच्या कुऱ्हाडीला मान आणि लेकीच्या स्कॅनरला नाही, हे कसं चालेल? तिने झेंडूचा हार आणला, नारळ आणला, कुंकू तेलात कालवलं म्हणजे वाळून उडायला नको. मशीनचं झाकण उघडून काचेवर सुंदर स्वस्तिक काढलं, बाजूला दोन बोटं ओढली. पियुषने फोटो काढून ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सुट्टी. त्यानंतर कामावर आल्यावर तिने मोठी काच चकचकीत पुसली आणि काम सुरू केलं.

पण त्या मशीनला दोन काचा. एक मोठी, सगळ्यांना दिसते ती. आणि तिच्या शेजारी एक अरुंद पट्टीसारखी काच, जिच्यावरून वरून गिळलेला कागद सरकत जातो. तेलातलं कुंकू ओघळून त्या अरुंद काचेवर बसलं होतं. कुणाच्या बापाला ठाऊक! प्रत्येक पान त्या डागावरून सरकायचं आणि डावा समास काळा होऊन निघायचा. लाल रंग त्या मशीनला काळाच दिसतो. रुपाने पियुषला दाखवलं, मोठी काच पुन्हा पुन्हा घासली, पट्टी काही जाईना. पियुष म्हणाला, "मार्जिन आहे ना? मार्जिनमध्ये कोण काय लिहितं? मधला मजकूर दिसतो ना? पास कर. टार्गेट बघ." आणि रुपाने पास केलं. एकामागून एक, पास, पास, पास. दिवाळीच्या तोंडावर कंपनीचा माणूस दुसऱ्याच दुरुस्तीला आला, त्याने ती अरुंद काच कापसाने पुसली, कापूस लालभडक झाला. "ताई, मशीनचं लग्न लावलं का?" तो हसला, सगळे हसले, रुपाही हसली. त्या दिवसापासून पानं स्वच्छ निघायला लागली, आणि विषय संपला. मागच्या काळ्या समासांचं काय, हे कुणी विचारलं नाही. तिनेही नाही.

पियुषला फोन लावला तर तो म्हणे, ट्रक कधीच निघाला, धरमकाट्यावर वजनाला असेल, नाहीतर पुढेही गेला असेल. ड्रायव्हरचा नंबर दिला. घंटी वाजून वाजून बंद पडली.

"गाडी हाये तुह्यापाशी?" तिने सूरजला विचारलं.

"हाये ताई."

"चाल मंग."

म्हातारी वर गेली, सुनेच्या दाराशी बसायला, आणि हे दोघं मोटारसायकलवर. डांबरातून वाफा निघत होत्या. गरम वारा तोंडावर चटके देत होता आणि रुपाने ओढणीने नाकतोंड बांधून गाडीची मागची कडी गच्च धरली होती. पोत्याचा नंबर तिने तळहातावर लिहून घेतला होता. स्कॅन केलेल्या प्रत्येक पानाच्या नावात तो नंबर असतो आणि तोच पोत्यावर रंगाने लिहिलेला. म्हणजे ट्रक सापडला तर पोतं सापडेल, पोतं सापडलं तर कागद सापडेल. ट्रक सापडला तर!

"ताई," सूरज वाऱ्यात ओरडून बोलला, "तुमी नसत्या तं आमाले कोन इचारलं असतं? देवानंच भेटवल्या तुमी."

रुपाने ओढणी आणखी घट्ट ओढली.

"पन तो कागद काळा कसा झाला वं?"

"मशीनीची चूक झाली," ती म्हणाली. बोलून गेली आणि तिला स्वतःचीच किळस आली. बिचाऱ्या मशीनची कशाची चूक! मशीनने तर जसं दाखवलं तसं उतरवलं.

धरमकाट्यावर ट्रकांची ही रांग. तुरीचे, लोखंडाचे, गिट्टीचे. सूरजने गाडी रांगेच्या कडेने हळू घेतली, रुपा एकेक ताडपत्री पाहत गेली. आपला ट्रक नाही. पुढे पाहिलं, नाही. काट्यावरच्या माणसाला विचारलं तर त्याने मान वर न करता सांगितलं, "रद्दीचा? तो तं तुलून गेला." सूरजने गाडी बंद केली. "आता ताई?" तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर फिरवली. तेवढ्यात पलीकडच्या चहाच्या टपरीमागे, कडुनिंबाखाली, तिला ताडपत्रीची निळी कड दिसली.

ड्रायव्हर रामाजी खाटेवर बसून भाकर खात होता. पिकलेल्या मिशा, गळ्यात टॉवेल. रुपाने धापा टाकत सगळं सांगितलं. त्याने घास संपवला, पाणी प्यायला.

"माल तुलला बाई. पावती फाटली. आता दोर सुटत नाई."

"काका, बाई मरून राह्यली तिकडं!"

"दवाखान्यात रोजच कोनी ना कोनी मरते. मी काय डाक्टर हाये?"

सूरज त्याच्या अंगावर धावला. रुपाने मध्ये हात घातला आणि मग ती सूरजशीही बोलली नाही, रामाजीशीही नाही. चाकावर पाय ठेवला, फळीला धरलं आणि चढली वर. लहानपणी मोहाच्या झाडावर चढायची तशी. ताडपत्रीचा दोर तिने दाताने सोडवला. खालून रामाजी शिव्या घालत होता, त्या मी इथे लिहीत नाही.

वरची पोती दुसऱ्याच नंबरची. ती तिने सूरजच्या अंगावर ढकलायला सुरुवात केली. तो झेलायचा, बाजूला टाकायचा. खालचा थर, नाही. त्याखालचा, नाही. लोखंडी फाळका तापून तवा झाला होता, तळवे भाजत होते. मनात एकसारखं चाललं होतं, तास झाला असेल का, मॅडमनी सुई भरली असेल का. मग कोपऱ्यात, अगदी ड्रायव्हरच्या पाठीमागे, तिला आपलंच अक्षर दिसलं. तळहात पाहिला. नंबर तोच!

पोत्याचं तोंड सोडलं आणि चूक झाली. शिवणी तिनेच कापलेल्या, पानं सगळी सुटी, आणि वारा असा उधळलेला. वरची चार पानं भुर्रकन उडाली, टपरीकडे गेली. "पकड!" ती किंचाळली. सूरज धावला. ती पोत्यावर पालथी पडली, अंगाने वारा अडवला आणि हात आत घालून एकेक गठ्ठा ओढायला लागली. आता खाली काय झालं कोण जाणे, रामाजी उष्ट्या हातानेच रस्त्यावरून कागद गोळा करत होता. "हे घे वं बाई," म्हणून त्याने टॉवेलात गुंडाळून वर दिले. त्यात नव्हतं. दुसऱ्या गठ्ठ्यात नव्हतं. तिसऱ्यात वासुदेवराव हे नाव दिसलं, आणि तिचे डोळेच भरून आले, नाव धूसर झालं. डोळे पुसले. भोयर. पुलगाव. पान उलटलं. भुलीचा तक्ता.

डाव्या समासात, आडवं, लाल शाईत, बारीक आणि ठसठशीत अक्षर. ज्या डॉक्टरने ते लिहिलं, त्याने पुढच्या कुणासाठी तरी जीव तोडून लिहिलं होतं. तीनपैकी एका औषधाचं नाव, त्याखाली दोन रेघा, आणि हे या मुलीला पुन्हा कधीही देऊ नये.

तिने फोटो काढला, मॅडमना पाठवला. फोनवर गोल फिरत राहिला, फिरत राहिला, जाईना. तिने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

"मॅडम, सापडलं! स्कोलिन. स्कोलिन देऊ नका म्हणून लिहिलंय. रातभर श्वास बंद होता म्हणून लिहिलंय."

पलीकडून मॅडमचा आवाज आला, खोल गेलेला. "रुपा, तेच मी भरून ठेवलंय. सिरिंज माझ्या हातात आहे." आणि मग मोठ्याने, तिकडच्या कुणाला तरी, "हे टाका, दुसरं काढा," आणि फोन बंद झाला.

सूरज खाली उभा होता, तोंड वर करून. तिने होकाराची मान हलवली.

"तू जाय आता. बायकोपाशी जाय."

"तुमी?"

"मी येतो मांगून. जाय म्हनलं ना!"

तो गेला. जावं तिनेही, खरं तर. काम झालं होतं. पण ती उतरली नाही. मांडीवरचं ते पान आणि आजूबाजूची पोती, यांच्याकडे बघत ती बसली. खंडेनवमीनंतर दिवाळीच्या तोंडापर्यंत जेवढं स्कॅनिंग झालं, तेवढं सगळं काळ्या समासाचं. त्यात अजून कुणाकुणाचं काय लिहिलेलं असेल? तिने सहज हाताला लागलेला दुसरा गठ्ठा उघडला. बरीच पानं कोऱ्या समासाची. मग एकावर, समासात, पेनिसिलिन सोसत नाही. थोड्या पानांनी पुन्हा एकावर, बाळाचा रक्तगट बदलून लिहिलेला, सही करून. तिने गठ्ठा बंद केला. तिला भीती वाटली, खरीखुरी.

तिने पियुषला फोन लावला. सगळं सांगितलं आणि म्हणाली, "दसऱ्यापासूनचे पोते परत आणाचे हायेत. पुन्हा स्कॅन कराचे."

"वेडी झाली का ताई? समितीच्या सह्या झाल्या. काम संपलं म्हणून वर कळवलं मी. आता परत आणले तर कुणी विचारेल ना, कोणी पास केलं म्हणून. प्रत्येक पानावर कुणाचं नाव आहे? तुझं आहे, तुझं! ऑपरेटर रुपा."

"अन् करा म्हणून कोन म्हनलं होतं?"

"त्याचा कागद आहे तुझ्याकडे?" पियुष थंडपणे म्हणाला.

नव्हता. आता बघा, ज्या माणसाच्या कामाचं नाव कागद जपणं, त्याच्यापाशी स्वतःच्या बाजूचा एक चिटोरा नाही! रुपाला रडू आलं, संताप आला, आणि मग ती म्हणाली, "राहू दे माहं नाव. मी पोते उतरवून राह्यली."

पोत्यांचे नंबर स्कॅनिंगच्या क्रमानेच टाकलेले. ट्रकवरून ती नंबर सांगत गेली आणि पोतं ढकलत गेली. रामाजी खाली कमरेवर हात ठेवून उभा. "सकाळी तूच चढवून देल्ले, अन् आता तूच उतरवून राह्यली. घरी नवऱ्याचं काय करत असशील तू?" असं म्हणाला खरा, पण म्हणता म्हणता पोती झेलायला लागला. ती तिची पोती कडुनिंबाखाली लागली आणि बाकीचा माल घेऊन तो पुन्हा काट्याच्या रांगेत गेला, कुरकुरत.

मग ती आणि तिची पोती. कार्तिकला फोन केला, ऑटो घेऊन येजो म्हणून. तो आर्वीकडे भाडं घेऊन गेलता, यायला उशीर होता. तेवढ्यात फोनचा जीव गेला. तिकडे काय झालं, जागृतीने डोळे उघडले का मिटले, काहीच कळायला मार्ग नाही. ती पोत्यांवर बसून राहिली. गायी यायच्या, कागदाचा वास घ्यायच्या, ती त्यांना हाकलायची. औषध बरोबर दिलं तरी आतड्याचं काय? उशीर झाला असला तर? आपण पोहोचलो तेव्हाच तास उलटून गेला नव्हता का? आणि ती बाई गेलीच, तर ती कशाने गेली म्हणायचं? पिळाने की कुंकवाने? हा प्रश्न तिच्या डोक्यातून काही केल्या जाईना. बापाने हात जोडायला शिकवलं होतं, काच पुसायला नाही. पण पट्टी दिसत असताना पास म्हणायला तर बापाने सांगितलं नव्हतं ना.

ऊन उतरलं तेव्हा कार्तिक आला. त्याने पोती पाहिली, बायकोचं तोंड पाहिलं आणि एक अक्षर न विचारता पोती ऑटोत भरली. नवरा असावा तर असा, एवढं आपण म्हणू आणि पुढे जाऊ.

दवाखान्याच्या दारात पियुष उभा होता. "उद्या दहाला ऑफिसात बोलावलंय तुला. सगळं सांगितलं मी," म्हणाला आणि निघून गेला. रुपा त्याच्याकडे न बघता जिना चढली. ऑपरेशनच्या दाराबाहेर बाकावर अनुसयाबाई बसल्या होत्या, मान खाली. म्हातारीने मान वर केली.

"वाचली वं माय," त्या म्हणाल्या. "डोये उघडले तिनं. मले पाहून हासली. मॅडम म्हने, त्या बाईचा फोन आला नसता तं..." सूरज पलीकडून आला, त्याने वाकून रुपाच्या पायाला हात लावला. ती मागे सरली. अनुसयाबाईंनी कमरेचा बटवा सोडला, त्यातली कुंकवाची डबी काढली, अंगठा बुडवला आणि तिच्या कपाळाकडे हात नेला.

रुपाने तो हात वरच्यावर धरला.

"थांबा मावशी. आधी आयका. तो कागद मशीनीनं नाई काळा केला. मी केला." आणि तिने सांगितलं. खंडेनवमी, तेलातलं कुंकू, अरुंद काच, दिसत असताना पास केलेली पानं, सगळं. रस्त्यात सूरजला खोटं बोलली तेही. सूरजचा चेहरा बदलत गेला. "म्हंजे तुमच्याच पायी..." तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचं काही चुकलं नाही. रुपा मान खाली घालून उभी होती. म्हातारीचा हात अजून तिच्या हातात होता, अंगठ्यावर कुंकू तसंच लागलेलं.

अनुसयाबाईंनी हात सोडवून घेतला. मग तिची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि अंगठा कपाळावर टेकवला, असा दाबून की रुपाची मान मागे गेली.

"कुकू कपायाले लावाचं असते पोरी," म्हातारी म्हणाली. "काचेले नाई."